रायपूरमध्ये व्यसनमुक्तीचा पत्ता कोण सांगणार?

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारी सकाळी आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या पत्नीचा दूरध्वनी आला. हे कुटुंब तीन पिढ्यांपासून रायपूरच्या तात्यापारा भागात राहणारे. घरात अजून मराठी बोलतात, अर्थात तिच्यात हिंदी आणि छत्तीसगढी बेमालूम मिसळलेली असते. त्या म्हणाल्या, "साहेब, यांनी परवापासून घेतलेली नाही. आम्ही सगळ्यांनी शपथ घालून बंद करवली. पण कालपासून हात थरथरताहेत, रात्रभर झोप नाही, आणि आता भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून सारखे झटकत बसलेत. पुण्याला मुक्तांगणमध्ये न्यायचं म्हणून आझाद हिंदची तिकिटं काढली आहेत. एवढ्या प्रवासात यांना सांभाळायचं कसं, तेवढं सांगा."

माझी शासकीय सेवा सत्तावीस वर्षांची. अनेक योजनांची टिपणे मी स्वतः लिहिली आहेत, कित्येक आढावा बैठका घेतल्या आहेत. पण या बाईंना कुठल्या दारात पाठवावे, हे मला ठाऊक नव्हते. तीन-चार जणांना दूरध्वनी केले तेव्हा एका परिचित डॉक्टरांनी विचारले, "शेवटची दारू कधी घेतली होती? दोन दिवस झाले? मग गाडीत अजिबात बसवू नका. आत्ता, याच क्षणी, जवळच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या." त्याप्रमाणे नेले. पाच-सहा दिवसांत माणूस सावरला. ते रुग्णालय त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होते. घरात तीन वर्षे हा प्रश्न धुमसत होता, पण तिथे जाता येते हे कोणालाच माहीत नव्हते, आणि मलाही नव्हते.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. आज त्याच्या प्रशासकीय बाजूबद्दल लिहावेसे वाटते.

प्रथम वैद्यकीय बाब सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू अचानक थांबवली की पहिल्या दिवसात थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर प्राण जाऊ शकतो. उपचार मात्र महागडे नाहीत. हळूहळू कमी करत नेलेल्या शामक गोळ्या, 'ब १' जीवनसत्त्वाची इंजेक्शने, पाणी, विश्रांती आणि देखरेख. हे कुठल्याही बऱ्या जिल्हा रुग्णालयात होऊ शकते. म्हणजे व्यसनमुक्तीचा पहिला आठवडा हा घराजवळच व्हायला हवा. पुणे, मुंबई, नागपूर हा विचार नंतरचा. रायपूर ते पुणे प्रवासात जवळजवळ एक दिवस जातो आणि तो दिवस नेमका धोक्याचा असू शकतो. घरच्यांनी प्रेमापोटी घातलेली शपथ आणि काढलेली तिकिटे, या दोन्हींमुळे माणूस दगावू शकतो, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असते?

आता आकडे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडून देशव्यापी सर्वेक्षण करून घेतले. त्याचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात, असे त्यात आढळले. राज्यांच्या यादीत छत्तीसगढ ३५.६ टक्क्यांसह पहिले होते. त्रिपुरा, पंजाब, अरुणाचल आणि गोवा त्याच्यामागे. पण माझ्या दृष्टीने त्या अहवालातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे. मद्यावर अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कुठलातरी उपचार मिळाला होता आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला दर १८० जणांमागे एक होता.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ही आकडेवारी पाहताना प्रश्न पडतो की ही तूट मागणीची आहे की पुरवठ्याची? सामान्यतः उत्तर दिले जाते की खाटा कमी, मानसोपचारतज्ज्ञ कमी. ते खरेच आहे. संपूर्ण छत्तीसगढसाठी शासकीय मानसिक रुग्णालय एकच, तेही बिलासपूरजवळच्या सेंदरीला. पण रायपूर शहरापुरते बोलायचे तर चित्र इतके रिकामे नाही. २०१२ पासून टाटीबंधला एम्स आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचे आंबेडकर रुग्णालय आहे, ज्याला सारे गाव मेकाहारा म्हणते. दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. तरीही दहा लाखांच्या वर वस्तीचे हे राजधानीचे शहर या एका बाबतीत एखाद्या लहान गावासारखे वागते. जे आहे ते कोणाला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक आहे ते विश्वासार्ह नाही.

याचे एक कारण आमच्या रचनेत आहे. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा वित्त मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. त्याखालील कारवाईचा केंद्रीय विभाग गृह मंत्रालयाकडे. सरकारी रुग्णालयांतील व्यसनोपचार आरोग्य मंत्रालयाकडे. स्वयंसेवी संस्थांमार्फत चालणारी निवासी पुनर्वसन केंद्रे आणि त्यांचे अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. राज्यात उतरल्यावर उत्पादन शुल्क, आरोग्य आणि समाजकल्याण असे आणखी तीन विभाग. खासगी केंद्रांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. प्रत्येकाची स्वतःची यादी, स्वतःचा आढावा, स्वतःचे उद्दिष्ट. समाजकल्याण अधिकाऱ्याला अनुदानित केंद्र ठाऊक असते, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला रुग्णालय ठाऊक असते, प्राधिकरणाला नोंदणी ठाऊक असते. या तिन्ही गोष्टी एका पानावर लिहून ठेवणे हे कोणाचेच काम नाही. आणि रविवारी सकाळी घाबरलेल्या गृहिणीला नेमके तेच एक पान हवे असते.

सरकारने केलेच नाही असे नाही. १५ ऑगस्ट २०२० पासून २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झाले आणि पुढे ते देशभर विस्तारले. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. या दोन्ही क्रमांकांविषयी मी माझ्या कार्यालयात विचारले. तिसांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हते. फेऱ्या निघाल्या, शपथा झाल्या, छायाचित्रे वर गेली, परंतु क्रमांक घरापर्यंत पोहोचला नाही.

जिथे अधिकृत माहिती पोहोचत नाही, तिथे जाहिरात पोहोचते. रायपूरच्या भिंतींवर, रिक्षांच्या पाठीवर, हिंदी वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिरातींत 'बिना बताए शराब छुड़ाएं' हे वाक्य आपण सर्वांनी वाचले आहे. जेवणात गुपचूप मिसळायच्या पुड्यांत नेमके काय असते, हे घेणाऱ्याला कळत नाही. त्यात दारूशी तीव्र प्रतिक्रिया देणारे डायसल्फिराम असेल तर? हे औषध उपयोगी आहे, पण रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. नकळत दिले आणि वर दारू घेतली गेली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. दुसरा प्रकार म्हणजे माणसाला घरातून 'उचलून नेणारी' केंद्रे. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ, भेटीला बंदी, आत काय चालते याचा पत्ता नाही.

अर्थतज्ज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावतो. व्यसनोपचाराच्या बाजाराला हे तंतोतंत लागू पडते. फरक एवढाच की इथे गिऱ्हाईक घाईत असते, लाजेने कोणाला विचारत नाही, आणि फसल्यावर तक्रारही करत नाही. अशा बाजारात शासनाची पहिली जबाबदारी माहिती देण्याची असते. ती पार पाडायला फारसा पैसा लागत नाही.

कायदा याबाबतीत कमकुवत नाही. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये मद्य व अमली पदार्थांशी निगडित विकारांचा मानसिक आजारात स्पष्ट समावेश आहे. म्हणून अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राला नोंदणी आवश्यक आहे. रुग्णाला साखळीने बांधणे कोणत्याही स्वरूपात निषिद्ध आहे. अमली पदार्थांच्या कायद्यातही कलम ६४ अ आहे. त्यानुसार स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण मिळते. गोळ्यांच्या वा गांजाच्या आहारी गेलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे माहीत नसते. पोलीस येतील या भीतीने ते दार लावून बसतात.

आता थोडे स्वतःविषयी, कारण दोष फक्त दुसऱ्या विभागांचा नाही. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ मधील नियम २२ आम्हा सर्वांना पाठ असतो. कामावर असताना नशेच्या अंमलाखाली असू नये, सार्वजनिक ठिकाणी नशेत दिसू नये, अतिरेकी सेवन करू नये. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, माझ्या हाताखालचा एक लिपिक वारंवार न सांगता गैरहजर राहू लागला. मी नियमानुसार ज्ञापन दिले, आरोपपत्र दिले, दोन वेतनवाढी रोखल्या. फाइल निर्दोष होती. त्या संपूर्ण फाइलीत 'याला डॉक्टरकडे पाठवले का?' हा प्रश्न एकदाही आला नव्हता. मी विचारला नाही, वरिष्ठांनीही विचारला नाही. दीड वर्षाने त्याच्या पत्नीचा अनुकंपा नियुक्तीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला. त्यावरही मी नियमानुसारच शेरा लिहिला.

शिस्त नको असे मी म्हणत नाही. पण क्षयरोग झालेल्या कर्मचाऱ्याला आपण आधी रुग्णालयात पाठवतो, मग रजेचा हिशेब करतो. व्यसन हा आजार आहे असे कायदा सांगत असेल, तर कार्यालयाने आरोपपत्राच्या आधी वैद्यकीय तपासणीचे एक पत्र द्यावे, एवढी अपेक्षा गैर नाही. ते देण्यासाठीही पुन्हा तोच पत्ता हवा: कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वारी, कोणत्या खोलीत?

मराठी माणसाच्या मनात या विषयाचा पत्ता एकच आहे, तो म्हणजे पुण्याचे मुक्तांगण. आणि ते स्वाभाविक आहे. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने ते केंद्र उभे राहिले. पण त्यातून आपण धडा कोणता घेतो? मला दिसतो तो असा की सरकारी रुग्णालयाची जागा, स्वयंसेवी माणसे, कुटुंबाचा सहभाग आणि बाहेर पडल्यानंतरचा दीर्घ पाठपुरावा, हे एकत्र आले की काम होते. यातली कुठलीही गोष्ट फक्त पुण्यातच होऊ शकते असे नाही. उलट पाठपुरावा हा तर राहत्या गावीच व्हावा लागतो. परत आलेला माणूस त्याच चौकात, त्याच मित्रांत, त्याच पगाराच्या दिवशी उभा असतो.

त्यासाठी रायपूरने पुण्याकडे नव्हे, शेजारच्या गडचिरोलीकडे पाहावे. छत्तीसगढला लागून असलेल्या या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला, महाराष्ट्र शासनाला आणि टाटा ट्रस्टला मिळून २०१६ मध्ये 'मुक्तिपथ' हा उपक्रम सुरू करावा लागला. त्यात गावाच्या संघटनेबरोबर तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचाराची क्लिनिकेही आली. बंदी असलेल्या जिल्ह्यालाही उपचार लागतात आणि ते तालुक्यापर्यंत नेता येतात, या दोन्ही गोष्टी त्यातून दिसतात. खुद्द छत्तीसगढलाही ही परंपरा परकी नाही. दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली दारूविरुद्ध मोहीम उभारली होती, आणि त्याच कामगारांनी १९८३ मध्ये स्वतःचे शहीद रुग्णालयही सुरू केले.

काही वाचक म्हणतील, दुकानेच बंद करा. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ चा आधारही देतील. हा वाद जुना आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे. शेजारच्या चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवण्याचा निर्णय झाला. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर ठेवले गेल्यामुळे राज्यांना हाती असलेले हे महसुलाचे मोठे साधन सोडवत नाही, हे वास्तव आहे. पण धोरणाचा निर्णय वर्षानुवर्षे लांबू शकतो. भिंतीवर मुंग्या पाहणाऱ्या माणसाजवळ एक-दोन दिवस असतात. म्हणून तो वाद चालू असतानाच खालील गोष्टी करता येतील, असे मला वाटते.

एक, प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने एक पानी यादी निघावी. त्यात रुग्णालयाचा विभाग, बाह्यरुग्ण तपासणीचे वार, अनुदानित केंद्रे, नोंदणीकृत खासगी केंद्रे आणि दोन्ही मदत क्रमांक असावेत. ती दर तीन महिन्यांनी तपासली जावी. सर्व विभागांना एकत्र बसवण्याचा अधिकार जिल्ह्यात फक्त त्या एका खुर्चीला आहे.

दोन, छत्तीसगढमध्ये एप्रिल २०१७ मध्ये मद्याची किरकोळ विक्री राज्याच्या महामंडळाने हाती घेतली. जिथे विक्रेता शासनच आहे, तिथे प्रत्येक दुकानावर ही यादी लावायला कोणाची परवानगी लागणार? प्रत्येक बाटलीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला एवढा फलक जड नाही.

तीन, जिल्हा रुग्णालयात पहिल्या आठवड्याच्या उपचारांसाठी काही खाटा निश्चित असाव्यात, आणि 'दारू पिऊन आलाय, उद्या आणा' असे कोणालाही परत पाठवू नये, असा लेखी आदेश असावा.

चार, कार्यालये आणि कारखान्यांनी शिस्तभंगाच्या कारवाईआधी वैद्यकीय सल्ल्याची पायरी ठेवावी.

पाचवी गोष्ट आपल्या मंडळांसाठी. रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. भोपाळ, इंदूर, जबलपूर, हैदराबाद, बडोदा अशा अनेक शहरांत मराठी मंडळी गणेशोत्सव आणि कोजागिरी हौसेने करतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या स्वमदत गटांना आणि व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांच्या गटांना आठवड्यातून एक संध्याकाळ एक खोली दिली, तर त्याला खर्च नाही. अडचण आहे ती संकोचाची. परगावी राहणारा समाज लहान असतो. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि म्हणूनच ही गोष्ट सर्वांत जास्त लपवली जाते. आमच्या सहकाऱ्याच्या घरचे तीन वर्षे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत होते, आणि दर वेळी 'यांना बरं नाही' एवढेच सांगत होते.

हे सारे शासनाने करीपर्यंत वाचकांनी काय करावे? कोणतेही केंद्र निवडताना काही प्रश्न सरळ विचारावेत. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवाल का? डॉक्टर रोज येतात का, मानसोपचारतज्ज्ञ कोण आहेत? फिट आली तर कुठे हलवता? घरच्यांना भेटू देता का? पैशांची पावती देता का? सोडल्यानंतर पुढचे सहा महिने काय करायचे? ज्या ठिकाणी या प्रश्नांचा राग येतो, तिथून परत फिरावे. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. आधी डॉक्टर, मग शपथ.

आमचे सहकारी आता कामावर येतात. मध्यंतरी एकदा घसरले, पुन्हा सावरले. डॉक्टर म्हणाले की असे होते, आणि त्यामुळे उपचार वाया गेले असे समजायचे नसते. दर पंधरा दिवसांनी ते अर्धा दिवसाची रजा मागतात आणि मी कारण न विचारता देतो. त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर गॅस एजन्सीच्या क्रमांकाखाली रुग्णालयाच्या विभागाचा क्रमांक, तपासणीचे वार आणि १४४४६ एवढेच लिहिले आहे. माझी वाचकांना विनंती आहे की आपल्या शहराचा असा कागद गरज पडण्यापूर्वीच तयार करून ठेवावा. आपल्या घरी लागला नाही, तर शेजारी कोणाला तरी नक्की लागेल.